गाणं शिकणाऱ्या मुलाचं पहिलं वर्ष: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांसाठी

क्लासची चौकशी करायला आलेला पालक दहा मिनिटांत एका प्रश्नावर येतोच: “ह्याने अभ्यासात फरक पडतो का हो?” सरळ उत्तर असं, की गणिताचे गुण वाढवायचे असतील तर गणितच करून घ्यावं. 1993 साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात पाश्चात्त्य संगीतकार मोझार्टचं संगीत ऐकल्यावर कॉलेजच्या विद्यार्थ्यांचे एका चाचणीतले गुण थोडे वाढले आणि तेवढ्यावरून ‘गाणं ऐकवा, मूल हुशार होईल’ ही समजूत जगभर पसरली. तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला होता आणि त्या प्रयोगात एकही लहान मूल नव्हतं. 2004 साली टोरांटोतल्या 144 सहा वर्षांच्या मुलांवर जास्त नीट प्रयोग झाला. काहींना शाळेचं एक वर्ष कीबोर्ड किंवा गाणं शिकवलं, काहींना नाटक, काहींना काहीच नाही. गाणं-वाजवणं शिकलेल्यांचा बुद्ध्यांक सरासरी 7 गुणांनी वाढला, बाकीच्यांचा 4.3 गुणांनी. फरक तीनेक गुणांचा. पुढे अधिक काटेकोर पद्धतीच्या अभ्यासांत तोही टिकला नाही.

मग शिकवायचं कशासाठी? कान तयार होतो, ऐकलेलं डोक्यात धरून ठेवता येतं, समेची (तालाच्या पहिल्या मात्रेची) वाट बघत थांबता येतं, दुसऱ्याबरोबर चालता येतं. ह्या चार गोष्टी मात्र डोळ्यांदेखत बदलतात, आणि घरच्या घरी मोजताही येतात. लाइपझिगच्या संशोधकांनी 2010 साली चार वर्षांच्या मुलांच्या जोड्या घेतल्या. एकत्र गाऊन-वाजवून खेळलेली मुलं नंतर एकमेकांच्या मदतीला जास्त धावली. तोच खेळ गाण्याविना खेळलेली कमी. आपल्याकडे भजनाला बसणाऱ्या पोरांत हे कुणालाही दिसेल. टाळ वाजवणाऱ्याला शेजारच्याकडे कान द्यावाच लागतो, नाहीतर आख्खी फड त्याच्याकडे बघते.

आणि सीमाभागातल्या मुलांसाठी पाचवा फायदा आहे, भाषेचा. त्याबद्दल जरा सविस्तर.

दोन भाषांचा कान

घरात मराठी, शाळेत कन्नड, पुस्तकं इंग्रजी, अशा घरातलं मूल तिन्ही भाषा बोलतं. पण उच्चारात एकीचं पाणी दुसरीत जातं. मराठीत ‘ए’ आणि ‘ओ’ एकेकच आहेत. कन्नडमध्ये दोन्हींची ऱ्हस्व आणि दीर्घ अशी दोन-दोन रूपं. ऱ्हस्व ‘कॊडु’ म्हणजे दे, दीर्घ ‘कोडु’ म्हणजे शिंग. मराठी घरातल्या मुलाला बोलताना हा फरक निसटतो, गाताना निसटत नाही, कारण तिथं त्याला मात्रा असते. करून बघा: ऱ्हस्वाला एक टाळी, दीर्घाला दोन. ‘ऎरडु’ (दोन) मधला पहिला स्वर एका टाळीत, ‘एळु’ (सात) मधला दोन टाळ्यांत. एक ते दहा हे कन्नड आकडे असे टाळीवर आठवडाभर म्हणवून घेतले की फरक कानात बसतो.

उलट बाजूनं, शाळेत दिवसभर कन्नड ऐकणाऱ्या मुलाचा मराठी ‘च’ चपटा होतो. ‘चार’ आणि ‘चूल’ ह्यांतले ‘च’ वेगळे आहेत, दुसरा दातांजवळचा आहे आणि कन्नडमध्ये तो नाही. अभंग म्हणताना शब्द लांबतात, त्यामुळे चूक उघडी पडते आणि तिथल्या तिथं दुरुस्त होते. भीमसेन जोशींनी मराठी अभंग आणि कन्नड दासरपदं (हरिदास संतांची भक्तिपदं) दोन्ही गायली. मुलाला दोन्ही ऐकवा, एकामागून एक. कुठली भाषा आपली ह्यावर मोठ्यांचं भांडण असेल, मुलाच्या कानाचं नाही.

कोणत्या वयात काय

तीन ते पाच वर्षं: क्लास नको. घरात टाळ्या, चालणं, थांबणं. गाणं लागलं की चालायचं, बंद झालं की जागेवर पुतळा. दिवसाला पाच मिनिटं पुरतात. ह्या वयात शिकायची गोष्ट एकच, आवाज थांबल्यावर शरीरही थांबवणं. पुढची सगळी लय त्यावर उभी राहते.

पाच ते सात: गाणं, आणि हातावर ताल. वाद्य नाही.

सात-आठच्या पुढे: पेटी किंवा तबला. आधी का नाही? तबल्यावर तर्जनी चाटेवर (कडेच्या पट्टीवर) पडताना अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला हलकी टेकलेली राहावी लागते. सहा वर्षांच्या पंजाला ते जमत नाही, मग मूल मनगटानं मारायला लागतं, आणि ही सवय पुढे मोडता मोडत नाही. पेटीचंही तसंच. डाव्या हातानं भाता, उजव्यानं सूर, ही दोन कामं वेगवेगळ्या गतीनं करायची असतात. भाता सुरांच्या तालात हलायला लागला तर मूल अजून तयार नाही असं समजावं.

इथल्या पालकांना कुमार गंधर्वांचं उदाहरण द्यायची सवय आहे. ते जन्मले आपल्या सुळेभावीला, 8 एप्रिल 1924 रोजी, आणि लहानपणी मोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका जशाच्या तशा गाऊन दाखवत. खरं आहे. पण पुढे त्यांना मुंबईला देवधर मास्तरांकडे वर्षानुवर्षं शिकायला बसावंच लागलं, हा उदाहरणाचा अर्धा भाग कुणी सांगत नाही.

मुलाचा सूर लागत नसेल तर

पाच-सहाव्या वर्षी सूर न जुळणं ही अगदी सर्वसाधारण गोष्ट आहे. ‘बेसूर’ हा शब्द ह्या वयात वापरूच नये, मूल तो जन्मभर धरून बसतं. बऱ्याच वेळा चूक मुलाची नसून नमुना देणाऱ्याची असते. बाबा आपल्या खर्जातल्या आवाजात ‘सा’ देतात, मूल तो जसाच्या तसा काढायला खाली उतरतं आणि घशात गुरगुरतं. मुलाला आईचा, मोठ्या बहिणीचा किंवा दुसऱ्या मुलाचाच आवाज नमुना म्हणून द्यावा. घरात फक्त पुरुष असतील तर त्यांनी गाऊन न दाखवता पेटीवरचा मुलाच्या सप्तकातला सूर द्यावा.

सूर जुळवण्याचा क्रम असा. पेटी बंद. मुलाला एसटीचा भोंगा किंवा कुकरची शिट्टी काढायला सांगा, ‘ऊऊऊ’. तो जिथं लागेल तिथं तुम्ही जाऊन मिळा. इथं उलटं आहे: मोठ्यानं मुलाला जुळायचं. जुळल्यावर दोन आवाज एक झाल्याची एक विशिष्ट गुळगुळीत जाणीव होते, मुलाला ती ओळखायला सांगा. भिंतीवरच्या घड्याळाच्या चार टिकटिकी तो सूर धरा, चार टिकटिकी गप्प राहा, पुन्हा तोच काढा. हे जमायला दोन-तीन दिवस लागतात. मग तिथून दोघांनी मिळून घसरत किंचित वर जायचं, परत यायचं. त्यानंतर पेटीवर तो सूर शोधून दाखवायचा: “बघ, तुझा सूर इथं होता.” मुलानं एक कान तळहातानं झाकला तर स्वतःचा आवाज त्याला जास्त स्पष्ट ऐकू येतो.

रोज पाच मिनिटं, सहा ते आठ आठवडे. तरीही काहीच हललं नाही, आणि मूल टीव्हीचा आवाज वाढवत असेल, हाक मारली की दोनदा “हं?” करत असेल, तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा. सर्दीनंतर पडद्यामागं पाणी साचून राहणं लहान मुलांत नेहमीचं आहे आणि त्यावर उपाय आहेत.

पट्टी

शाळेतल्या सामुदायिक प्रार्थनेत सगळे एकाच पट्टीत ओढले जातात, घरी तसं करू नका. बारा वर्षांखालच्या मुला-मुलींना साधारण काळी चार ते काळी पाच (पेटीची चौथी किंवा पाचवी काळी पट्टी ‘सा’ धरून) बरी पडते. परीक्षा अशी: वरचा ‘सा’ मानेच्या शिरा न फुगता लागला पाहिजे आणि मंद्र ‘नी’, ‘ध’ हवेत विरून न जाता ऐकू आले पाहिजेत. वरचा ‘सा’ जमत नसेल तर पट्टी अर्धा सूर खाली सरकवा, खालचे सूर जमत नसतील तर अर्धा सूर वर. बारा-चौदाच्या मुलाचा आवाज फुटायला लागला की पट्टी महिन्या-महिन्याला खाली येते. त्या काळात तारसप्तक बंद, गाणं चालू. जबरदस्तीनं जुनी पट्टी धरून ठेवली तर घसा बसतो.

फोनवरचा तानपुरा चालतो, पण फोनच्या स्पीकरला खालचे सूर निघत नाहीत, नुसती झिणझिण ऐकू येते. छोटा ब्लूटूथ स्पीकर जोडा आणि आवाज मुलाच्या आवाजापेक्षा कमी ठेवा. नाहीतर मूल तानपुऱ्यावर मात करायला ओरडतं, आणि स्वयंपाकघरातून हाक येते: “किती ओरडूलास रे!”

घरचा रियाज: पंधरा मिनिटं

खानापूर किंवा चंदगडच्या बाजूच्या खेड्यातून आठवड्यात दोनदा बेळगावात क्लासला येणं म्हणजे प्रत्येक वेळी दीड-दोन तास प्रवासात. त्यापेक्षा आठवड्याला एकच फेरी आणि रोज घरी पंधरा मिनिटं, ह्यात मूल जास्त शिकतं. रविवारी दीड तास बसवून आठवड्याचा हिशेब चुकता करणाऱ्यांचं मूल चार महिन्यांत कंटाळतं. आवाजाचे स्नायू आणि आठवण दोन्ही थोड्या-थोड्या रोजच्या कामानं तयार होतात.

पहिली दोन मिनिटं गप्प बसून तानपुरा ऐकायचा. हा वेळ वाया जातो असं वाटतं, पण मुलाचं लक्ष ह्याच दोन मिनिटांत गोळा होतं. पुढची तीन मिनिटं ‘सा’ आकारात (म्हणजे ‘आ’ म्हणत), एका श्वासात पाच ते सात सेकंद, मध्ये तितकीच विश्रांती. ताकद लावून लांबवायचा नाही. नंतर चार मिनिटं अलंकार: ‘सारेग, रेगम, गमप’ आणि पुढे. लय घड्याळाच्या टिकटिकीची, म्हणजे मिनिटाला साठ. महिनाभर एकच अलंकार चालतो. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलाला नाही. मग चार मिनिटं क्लासमध्ये शिकवलेल्या बंदिशीच्या दोनच ओळी. शेवटची दोन मिनिटं मुलाला हवं ते गाणं, सिनेमाचं असलं तरी. ही दोन मिनिटं काढून घेऊ नका.

पहिले राग भूप आणि दुर्गा. भूपात सा रे ग प ध, दुर्गात सा रे म प ध. दोन्हींत पाचच सूर, आणि त्यांत अर्ध्या अंतराचे शेजारी सूर येत नाहीत, त्यामुळे कच्च्या गळ्यालाही घसरायला जागा कमी.

रियाज जेवल्यावर लगेच नको, तासभर जाऊ द्या. कुंदा खाऊन गायला बसलेल्या मुलाचा घसा चिकट होतो, आधी कोमट पाणी द्या. थंड पाण्याला सगळेच घाबरतात, पण आवाज बसण्याची मोठी कारणं म्हणजे मैदानातलं ओरडणं आणि पाणी कमी पिणं. आवाज दोन आठवड्यांपेक्षा जास्त घोगरा राहिला तर रियाज थांबवून डॉक्टर.

ताल हातावर, तबल्याआधी

दादऱ्यानं सुरुवात करा, सहा मात्रा: धा धी ना, धा ती ना. एकला टाळी, चारला हात बाहेर. दोन आठवडे. मग केरवा, आठ मात्रा. तीनतालाला तिसऱ्या महिन्याआधी हात घालू नये. सोळा मात्रांत टाळी 1, 5 आणि 13 वर, काल (म्हणजे हात बाहेर) 9 वर, मधल्या मात्रा करंगळीपासून बोटांवर. घड्याळाच्या लयीत एक आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) सोळा सेकंदांचं होतं, आणि सहा-सात वर्षांच्या मुलानं सोळा सेकंद न चुकता एका गोष्टीला धरून राहणं ही साधी गोष्ट नाही.

आता खरी कसोटी. मुलाला सांगा, पाच ते आठ ह्या मात्रा मनात मोज, नऊला हात बाहेर काढ. तोंड बंद, हात बंद. बहुतेक मुलं घाई करून साडेआठलाच हात काढतात. चुकलं तरी थांबवू नका, पुढच्या आवर्तनात पुन्हा. आतली लय धरून थांबायची ही ताकद म्हणजेच पालक ज्याला ‘एकाग्रता’ म्हणतात ती, फक्त इथं ती ऐकू येते.

वाद्य घ्यायचं झालं तर

पहिले तीन महिने काहीही विकत घेऊ नका. नंतर जुनी पेटी बघा. समोरचे हवेचे खटके सगळे बंद करून भाता भरा. हवा लगेच निघून गेली तर चामडं किंवा जोड गळतोय. मग खटके उघडून, एकही पट्टी न दाबता भाता हलवा. कुठला सूर आपोआप बोलत असेल तर पट्टीखाली हवा गळते. मुलाला चादरीची घडी देऊन इतकं उंच बसवा, की कोपर पट्ट्यांच्या पातळीला येईल. खाली बसलेलं मूल खांदा उचलून वाजवतं आणि आठवड्यात मान धरते.

सतार-तानपुऱ्यासाठी मिरज जवळच आहे. तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मुलासाठी पहिल्या वर्षी तानपुरा विकत घेणं म्हणजे हौस. तारा मिळवायला येणारा माणूस घरात नसेल तर तो कोपऱ्यात उभा राहतो.

तबल्याचं दुखणं वेगळं आहे, पाऊस. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला जून ते सप्टेंबर चामडं ओलावा धरतं, पुडी (तबल्याच्या तोंडावरचं चामडं) सैल पडते, सूर उतरतो. मग कुणीतरी तबला गॅसजवळ किंवा उन्हात ठेवतं आणि शाईला तडे जातात. तसं करू नका. वाजवून झाल्यावर हाताचा घाम कोरड्या फडक्यानं टिपा, गादीवर ठेवा, वर जाड कापडी खोळ, खोळीत बुटांच्या खोक्यातून मिळणाऱ्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या दोन-चार. सूर उतरला असेल तर आधी गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या चामड्याच्या वेणीवर) हलक्या हातोडीनं, समोरासमोरच्या बाजूंना आळीपाळीनं ठोका. एकाच बाजूला ठोकत राहिलं तर तबला दोन सुरांत बोलायला लागतो. शाईला पावडर फासू नये. हाताला लावायचीच तर नखभर.

शिक्षक आणि परीक्षा

नाव किती मोठं आहे ह्यापेक्षा एक तास वर्गात मागं बसून बघा. प्रत्येक मूल निदान एकदा एकटं गातं का? पंधरा मुलं एकसुरात गात असतील तर तुमच्या मुलाची चूक वर्षभर कुणाला कळणार नाही. पेटी सतत मुलाबरोबर वाजतेय की मुलाला तानपुऱ्यावर एकटं सोडतात? सतत पेटीचा हात धरून चालणारा गळा पेटी थांबली की पडतो. चुकल्यावर शिक्षक गाऊन दाखवतात की नुसतं “चुकलं” म्हणतात?

परीक्षांची वाट गांधर्व महाविद्यालय मंडळाची: प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम आणि पूर्ण, मध्यमा प्रथम आणि पूर्ण, पुढे विशारद. (ह्या परंपरेचे मूळ पुरुष विष्णु दिगंबर पलुसकर आपल्या शेजारच्या कुरुंदवाडचे, 1901 साली लाहोरला जाऊन त्यांनी पहिलं गांधर्व महाविद्यालय काढलं.) परीक्षा वाईट नाहीत, घाई वाईट. दर सत्राला एक पायरी चढवलेली मुलं बंदिशी पाठ म्हणतात, पण सम कुठं ते विचारलं की गुरुजींच्या मानेकडे बघतात. दीड वर्षानंतर प्रारंभिकला बसवा, त्याआधी नाही. आणि तीन महिन्यांत रंगमंचावर उभं करण्याचा हट्ट गणेशोत्सवाच्या कार्यक्रमापुरताही नको.

ढोल-ताशा

शिवजयंती आणि गणपतीत पोरांना पथकात जायचं असतंच. ताल पक्का होतो, खरं आहे. पण कानाचं गणित कडक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं मुलांसाठी सुरक्षित मर्यादा आठवड्याला 40 तास, 75 डेसिबलपर्यंत. आवाज दर 3 डेसिबलनं वाढला की वेळ निम्मा होतो, आणि पथकाच्या मधोमध आवाज 100 च्या वर जातो. म्हणजे आठवड्याची मर्यादा काही मिनिटांत संपते. कापसाचे बोळे उपयोगाचे नाहीत, औषध दुकानात मिळणारे फोमचे बोळे घ्या, बोटांत पिळून बारीक करून कानात घाला आणि फुगेपर्यंत धरून ठेवा. मिरवणुकीनंतर कानात शिट्टी वाजत राहिली तर पुढचे दोन दिवस रियाज नको, गोंगाटही नको. लहानग्यांना खांद्यावर घेऊन ताशासमोर नाचवू नका.

फायदा होतोय का, कसं कळणार

दर महिन्याच्या एक तारखेला फोनवर एक मिनिट रेकॉर्ड करा. तोच अलंकार, तीच पट्टी. कुणाला पाठवायचं नाही, स्टेटसला लावायचं नाही. सोबत वहीत तीन आकडे लिहा: नवी ओळ किती वेळा ऐकून बिनचूक आली, तीनतालाची किती आवर्तनं न चुकता धरली, आणि मनातल्या चार मात्रांनंतर हात वेळेवर निघाला का. सुरुवातीला ओळ सात-आठ वेळा ऐकावी लागते. वर्षाच्या शेवटी तीन-चार वेळांत आली तर काम नीट चाललंय.

चौथ्या ते सहाव्या महिन्यात हे आकडे हटकून थांबतात. नवेपणा संपलेला असतो, आवडीचं गाणं अजून हाताला लागलेलं नसतं, आणि बहुतेक क्लास ह्याच टप्प्यावर सुटतात. तेव्हा रियाज पंधराचा दहा मिनिटांवर आणा, अलंकार बदला, आणि आठवड्यात एकदा मुलाला गल्लीतल्या भजनात टाळ घेऊन बसवा. तिथं त्याच्या चुकेकडे कुणी बघत नाही, फक्त चाल सुटली की बाजूचा आजोबा कोपरानं ढोसतो.